आबांची पाठ, हर्षदाचा पाय

"मॅडम, पायाळू मुलीनं पाठीला पाय लावला, तर उसण खरंच निघते का?"

हर्षदानं उभं राहून, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात हे विचारलं आणि शाळेचा अख्खा हॉल खिदळायला लागला. तोंड तिचं होतं, पण पैज वर्गातल्या शितलची होती. सकाळपासून शितल आणि तिच्या टोळीनं टुमणं लावलं होतं, की माईकवर एवढी बोलतेस ना, मग आज डॉक्टरला विचारून दाखव. आणि 'दाखव' म्हटलं की हर्षदाला हल्ली राहवत नसे. नववीपर्यंत ती मागच्या बाकावर बसून वहीच्या कोपऱ्यात वेलबुट्टी काढणारी पोरगी होती. यंदा पंधरा ऑगस्टला भाषण करणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी आयत्या वेळी हिच्या हातात माईक दिला, आणि मग तो परत मिळवायला बाईंना दोनदा मागावा लागला. तेव्हापासून तिला स्वतःचा आवाज भारी आवडायला लागला होता.

दौंडहून आलेल्या फिजिओथेरपिस्ट मॅडम दप्तराचं ओझं आणि पाठीची काळजी यावर बोलत होत्या. त्या हसल्या नाहीत. पायाळू कोण, असं त्यांनी विचारलं मात्र, सगळ्या वर्गाची बोटं हर्षदाकडं वळली.

जन्मताना ज्या बाळाचे पाय आधी बाहेर येतात ते पायाळू. त्याचा पाय कमरेला लागला की भरलेली उसण निघते, हे भांडगावच्या आसपास कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मॅडमनाही लागलं नाही. त्यांनी फक्त उलटा प्रश्न टाकला.

"ज्यांना पाय लावलास, त्यांना चार दिवसांनी कसं वाटतंय हे तू कधी जाऊन विचारलंस का?"

हर्षदानं शेजारच्या शितलकडं बघितलं.

मॅडम मग सगळ्यांनाच सांगू लागल्या. उसण म्हणजे बहुतेक वेळा आखडलेला स्नायू असतो, तो आठवड्याभरात आपला आपण सुटतो, आणि श्रेय ज्यानं शेवटचा हात किंवा पाय लावला त्याला मिळतं. पोरं पुन्हा हसली. पण म्हाताऱ्या माणसाची पाठ वेगळी, असं त्या म्हणाल्या, तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली आला होता. मणक्यामणक्यांच्या मधे एकेक गादी असते. तरुणपणी ती पाण्यानं भरलेली, टरटरीत असते. वय वाढतं तशी वाळते, चपटी होते, डोक्यावरचे केस पिकावेत तितक्याच आपसूक. ती सगळ्यांचीच वाळते. कुणाची दुखते, कुणाची दुखत पण नाही. पण पायाकडं जाणाऱ्या नसा तिच्या अगदी शेजारून जातात, त्यामुळं अशा पाठीवर वरून दाब कधीच द्यायचा नाही.

"तुझ्या घरी आहे का कुणी असं?"

"न्हाई," असं म्हणून हर्षदा खाली बसली. शितल कानात म्हणाली, अगं, मग आबा? हर्षदानं तिला मांडीला असा चिमटा काढला की ती पैज जिंकल्याचं सुद्धा विसरून गेली.

घरी आबा होते. हर्षदाच्या वडलांचे वडील, कोंडिबा. सत्तरी गाठलेले, पडवीतल्या लोखंडी कॉटवर कमरेला रुंद पट्टा आवळून पडलेले. त्यांची उभी हयात शेवंतीत आणि झेंडूत वाकून गेली होती. शेवंतीचं झाड जेमतेम गुडघ्याएवढं, त्यामुळं तोडणारा माणूस दिवसभर कमरेतून दुमडलेला. गेल्या वर्षी आखाडात एकदा फुलांचं क्रेट उचलायला म्हणून ते वाकले आणि परत सरळ झालेच नाहीत. हायवेवरच्या एका दवाखान्यात पाठीचा एक्स-रे फोटो काढला. मणक्यात गॅप आलाय, वय झालंय, थोडे दिवस आराम करा आणि जपा, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं.

त्यातलं 'थोडे दिवस' वाटेतच कुठंतरी सांडलं. 'जपा' तेवढं घरी पोचलं, आणि घरानं ते असं काही मनावर घेतलं की आबांना हलायची सोय राहिली नाही. आबा, उठू नका. आबा, वाकू नका. आबा, मळ्यात कशाला, आम्ही हाय ना. हर्षदाचे पप्पा गोकुळ मळ्यातून येता-जाता दटावायचे, आई सुवर्णा चहाची कपबशी हातात आणून द्यायची, आणि शिक्रापूरला कंपनीत कामाला असलेला भाऊ हृतिक सुट्टीला आला की कॉटच्या बाजूला उशा रचून जायचा. कुणीच वाईट वागत नव्हतं. वाईट वागले असते तर आबांना निदान भांडता तरी आलं असतं.

त्यात त्या 'गॅप'नं आबांच्या डोक्यात घर केलेलं. भिंतीतली एक वीट निघून गेल्यावर वरची भिंत जशी नुसती टेकून उभी असते, तशी आपली पाठ उभी आहे असं त्यांना वाटायचं. शिंक आली तरी ते कॉटचा दांडा धरायचे. हर्षदानं शाळेतली गंमत सांगायला सुरुवात केली की म्हणायचे, हर्षे, हसवू नगं, मोडंल कुठंतरी.

आणि दर रविवारी त्या पाठीलाही हर्षदाचा पाय.

गावाला पाय लावणं तर तिला कळायला लागल्यापासून चालू होतं. रविवारी सकाळी अंगणात माणसं यायची. कुणाची कमर धरलेली, कुणाला उसण भरलेली, कुणी नुसतंच आपलं असावं म्हणून. उंबऱ्याशी गोधडी अंथरायची, माणसानं पालथं पडायचं, हर्षदानं उजवा पाय कमरेला तीनदा लावायचा. पैसे घ्यायचे नाहीत आणि कुणाला नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की पायाचा गुण जातो, असं पप्पांचं ठाम मत होतं. पाय लावून झाला की माणसं आबांच्या कॉटभोवती बसायची, चहा व्हायचा, झेंडू पुण्याच्या गुलटेकडी बाजारात काय भावानं गेला यावर वाद व्हायचे. खरं सांगायचं तर हर्षदाला ते आवडायचंच. साठ वर्षांचा माणूस आपल्यापुढं लोटांगण घालतो आणि उठून "बरं वाटलं गं बाई" म्हणतो, हे कुणाला आवडणार नाही?

फक्त पाय आपला असून आपला नाही, हे तिला कधीकधी बोचायचं. मैत्रिणींबरोबर रविवारी कुठं जायचं नाही. सहलीला जायचं नाही, कारण पायाळूवर वीज पडते. आभाळ नुसतं गुरगुरलं तरी आई तिला हाताला धरून आत घालायची आणि बाहेरून कडी लावून घ्यायची, कारण लहानपणी एकदा ती गारा वेचायला पळाली होती. दहावीतली, माईकवाली पोरगी, आणि ढग आले की कडीबंद.

यंदा सर्वपित्री अमावास्या रविवारीच आली, मॅडम शाळेत यायच्या थोडेच दिवस आधी. अमावास्या आणि रविवार एकत्र म्हटल्यावर पायाचा गुण दुप्पट, असं म्हणून पप्पांनी त्या दिवशी सगळ्यांच्या आधी आबांनाच गोधडीवर आणलं. इतक्या जुन्या दुखण्याला नुसता पाय लावून काय होतंय, दोन्ही पायांनी उभी राहा, मी हात धरतो, असं ते म्हणाले. हर्षदा उभी राहिली. तळव्यांखाली आबांची पाठ नांगरून वाळलेल्या रानासारखी लागली. आबांच्या तोंडून हुंकारासारखं काहीतरी निघालं. मग ते उठले, कपाळाचा घाम पुसला आणि जमलेल्या माणसांना म्हणाले, ब्येस वाटतंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. पप्पांनी तिची पाठ थोपटली.

हॉलमधून घरी येताना हर्षदाला तो हुंकार पुन्हा ऐकू यायला लागला.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली आणि आभाळ भरून आलं. दसरा तोंडावर, झेंडू तोडणीला आलेला. आई-पप्पा तोडलेली फुलं ताडपत्रीखाली घ्यायला मळ्यात पळाले. पळण्याआधी आईनं आबांना पडवीतून आतल्या खोलीत आणून बसवलं, हर्षदाला त्यांच्याजवळ ढकललं आणि बाहेरून कडी घातली. लाईट गेली. विजा कडाडत होत्या. हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न तेवढे पावसातून येत होते. कुठंतरी जाणारी माणसं अजून जातायत, एवढं त्यावरून कळत होतं.

खिडकीतून पाणी आत यायला लागलं म्हणून आबा उठले. हर्षदा म्हणाली मी लावते, पण ते ऐकेनात. एवढं तरी करू दे की, म्हणाले. भिंतीचा आधार घेत ते खिडकीपर्यंत गेले, तिचं दार ओढून घेतलं, परत फिरले. त्यांच्या डाव्या पायातली चप्पल खोलीच्या मधोमध पडली होती. उजव्या पायात चप्पल, डावा पाय ओल्या फरशीवर अनवाणी, आणि आबांना पत्ताच नव्हता. ते चपलेवरून तसेच पुढं आले, तेव्हा डाव्या पायाचा चवडा फरशीला घासत होता.

"आबा, चप्पल."

त्यांनी खाली बघितलं. दोन्ही पायांकडं बघितलं. कुणी चोरी पकडावी तसा त्यांचा चेहरा झाला. मग ते आतल्या खाटेवर बसले आणि डावा पाय हातानं खाटेखाली सारला.

हर्षदानं विचारलं, कवापासून? ते म्हणाले, पडलं असंल जरा थंडीनं बधीर. ती जमिनीवर बसली, त्यांचा डावा पाय मांडीवर घेतला आणि अंगठा दाबला. कळतंय का? अंधारात ते म्हणाले, दाब की. तिनं आणखी जोरात दाबला. ते वाटच बघत राहिले. तेव्हा तिचं रडू बाहेर आलं, मोठ्यानं, लाज न बाळगता, ती सगळंच मोठ्यानं करायची तसं.

आबा हळूहळू बोलायला लागले. अमावास्येला ती उभी राहिली, तेव्हा कमरेपासून टाचेपर्यंत तापलेली तार ओढल्यासारखं झालं. तेव्हापासून डावा पाय धड आपला वाटत नाही. त्याआधीच्या रविवारी सुद्धा काही फरक पडत नव्हता, कधीच पडला नव्हता. ते आपले म्हणत राहिले, बरं वाटतंय.

"मग सांगितलं का न्हाई तुम्ही?"

"तुझ्या पायाला उणं आलं आसतं पोरी." आणि जरा थांबून, "आन् हर्षे, तुझा पाय हाय म्हनून रविवारी चार मानसं येत्यात. माझ्या कॉटावर टेकत्यात. त्यो पाय बंद झाल्यावर हितं माझ्याकडं येतंय कोन?"

हर्षदानं त्यांचा ओला तळवा ओढणीनं पुसून काढला. बाहेरून कडी होती, आतमध्ये ते दोघं होते, आणि तिच्या लक्षात आलं की आबांनी तिच्यासाठी आणि तिनं आबांसाठी, दोघांनी मिळून ही आणखी एक कडी आतून घातलीय. ते बरं वाटतंय म्हणाले म्हणून ती पाय लावत राहिली, आणि ती पाय लावत राहिली म्हणून ते बरं वाटतंय म्हणत राहिले.

संध्याकाळी तिनं पप्पांकडं विषय काढला, आबांचा पाय बधीर पडतोय, दौंडच्या मॅडमना दाखवू या. ओल्या फुलांचे ढीग बघून पप्पांचं डोकं आधीच फिरलेलं. दसरा झाल्यावर बघू, म्हणाले. शिवाय येत्या रविवारी शिक्रापूरहून हृतिकचे साहेब येणार होते. हृतिक कंपनीत ज्या ठेकेदाराकडं होता तेच हे साहेब, आणि पोराला कायम करायचं की दिवाळीनंतर घरी पाठवायचं हे त्यांच्या हातात होतं. साहेबांची कमर कित्येक महिने धरली होती. पायाळू बहीण आहे असं हृतिक बोलून गेला, आणि साहेब म्हणाले, येतो. ही बातमी पप्पांनी आधीच गावभर केली होती. हर्षदाच्या पायानं भावाचं कल्याण होणार, असं ते ज्याला-त्याला सांगत होते. अशा घरात अमावास्येला काय झालं हे कुठल्या तोंडानं सांगायचं, ते हर्षदाला सुचेना.

शनिवारी तिनं शाळा बुडवली. आबाच म्हणाले, सुवर्णाला सांग नवरात्राचं देवीला जाऊन येतो. कुठल्या देवीला विचारलं तर? कुठल्याबी देवीला, आबा म्हणाले, हाडाच्या देवीला. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा आपणहून विनोद करत होते, आणि पाठ मोडली नाही. आईनं दोघांकडं जरा जास्तच वेळ बघितलं, आबांच्या हातात काठी दिली आणि पुन्हा फुलांकडं वळली. माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं केडगाव, तिथून डेमू रेल्वेनं दौंड. जीपमध्ये खड्डा आला की आबा तिचं मनगट घट्ट धरायचे, आणि खड्डा गेला की सोडून, काही झालंच नाही असं दाखवत, बाहेर बघायचे.

मॅडमनी हर्षदाला लगेच ओळखलं. घरी कुणी नाही म्हणाली होतीस ना, एवढंच म्हणून त्यांनी आबांना टेबलावर झोपवलं. पाय उचलून बघितले, टाचेवर चालायला लावलं. डाव्या टाचेवर आबांना चालताच येईना, चवडा खाली पडायचा. लघवीवर ताबा आहे ना, दोन पायांच्या मधल्या जागी बधीरपणा नाही ना, असंही त्यांनी स्पष्ट विचारलं. नातीसमोर आबा लाजले, पण तसलं काही नव्हतं. तसं काही झालं तर त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात पळायचं, मॅडम म्हणाल्या. आणि नाही झालं तरी हा पाय दसऱ्यासाठी थांबणार नाही. सोमवारी पुण्याला मणक्याच्या डॉक्टरांना दाखवाच. नस दबलेली वाटते, लवकर बघितलं तर पाय सुधारायला जास्त वाव असतो.

हर्षदानं खाली बघत, आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं, माझ्यामुळं झालं का?

मॅडमनी तिला खोटा दिलासा दिला नाही. तुझ्यामुळंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, म्हणाल्या; अशा झिजलेल्या गादीचं हे आपोआपही होतं, नुसतं खोकलं तरी होतं. पण तू उभी राहिलीस त्यानं बरं मात्र नक्की झालेलं नाही. पुन्हा नको. कुणाच्याच पाठीवर नको, कारण कुणाच्या पाठीत आत काय चाललंय ते तुझ्या पायाला दिसत नाही.

मग त्या आबांशी बोलल्या, बराच वेळ. गॅप म्हणजे पडलेली वीट नव्हे, हे त्यांनी प्लॅस्टिकचे मणके हातात देऊन दाखवलं. तुमच्या वयाच्या ज्या म्हाताऱ्यांचं काहीच दुखत नाही, त्यांचे फोटो काढले तर त्यातल्या कितीतरी जणांत हेच दिसेल. पाठ झोपवून ठेवली तर आणखी आखडते, पट्टा रात्रंदिवस घातला तर स्नायू आळसावतात. पायाचं निदान होईपर्यंत व्यायाम आणि ओझं नको, पण थोडं-थोडं चाला, काठी घेऊन, सपाटीवर, कुणीतरी सोबत ठेवून. उठताना आधी कुशीवर वळा, मग हातावर जोर देऊन उठा. गरम पाण्यानं शेका. दुखणं सगळं जाईलच असं नाही, पण ते सोबत असताना जगता येतं, असं त्या म्हणाल्या. आबा प्लॅस्टिकचा तो मणका बोटांनी चाचपत राहिले.

परतीच्या गाडीला वेळ होता. दौंडच्या फलाटावर आबा काठी टेकत चालायला लागले. बाकापर्यंत, बसले, पाण्याच्या नळापर्यंत, पुन्हा बसले. एक मालगाडी संथपणे निघून गेली, तिचा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत ते उभे राहून बघत होते. हर्षदानं त्यांना महिनोन् महिने उभं राहून असं काही बघताना पाहिलं नव्हतं. पण गाडीत बसल्यावर त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि सांगितलं, उद्याचा रविवार जाऊ दे. साहेब येऊन जाऊ देत. पोराचं काम होऊ दे, मग तुझ्या बापाला मी सांगतो. तिनं हो म्हणून मान हलवली. मान हलवताना तिला ओल्या फरशीची ती खोली आणि आतून घातलेली ती कडी आठवली.

रविवारी सकाळी अंगण झाडून, सडा घालून तयार. नेहमीची माणसं तर होतीच, शिवाय साहेब कसे पालथे पडतात ते बघायला आलेलीही होती. पांढरी गाडी आली. हृतिकनं पुढं होऊन दार उघडलं. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. साहेब पन्नाशी ओलांडलेले, जाडसर, साधे निघाले. आबांच्या पाया पडायला वाकले आणि मधेच कमरेवर हात ठेवून थांबले. खुर्चीत बसता-बसता त्यांनीच दुखणं सांगितलं. कमरेत दुखत होतं तेव्हा चालवून घेतलं हो, आता महिना झाला उजव्या पायात उतरलंय. तळवा झोपल्यासारखा वाटतो, गाडीचा ब्रेक दाबलाय का नाही ते बघावं लागतं. ऑपरेशन सांगतील म्हणून डॉक्टरकडं जायची भीती वाटते. म्हणलं आधी देवाचा उपाय बघू.

हर्षदानं आबांकडं बघितलं. आबांनी मान खाली घातली.

पप्पांनी गोधडी अंथरली. साहेबांनी घड्याळ आणि मोबाईल हृतिककडं दिला, ओठ आवळत गुडघ्यावर आले, मग पालथे पडले. साहेबांचा पाठीवरचा शर्ट घामानं चिकटला होता. ये बाळा, पप्पा म्हणाले, आणि सगळं अंगण तिच्या पायाकडं बघायला लागलं.

ती पुढं गेली. उंबऱ्यापाशी उभी राहिली आणि तिचा पाय जमिनीवरून उठेना. आई हळूच मागं आली. शनिवारी हे दोघं कुठल्या देवीला गेले होते हे तिला बहुधा तेव्हाच कळलं असावं, कारण ती कानात म्हणाली, "नुसती बोटं टेकव. दाब देऊ नगंस. त्येंचं समाधान, तुझ्या भावाचं काम."

किती सोपं होतं. बोटं टेकवायची, साहेब उठणार, घाम पुसणार आणि बरं वाटतंय म्हणणार. सगळे म्हणतात. मग गाडीत बसून शिक्रापूरला जाणार, आता बरं झालंय म्हणून आणखी महिना काढणार, आणि एखाद्या दिवशी हायवेवर त्यांना ब्रेक सापडणार नाही. हृतिक तिच्याकडं बघत होता. त्यानं डोळ्यांनी जे मागितलं ते तिला स्वच्छ कळलं होतं.

ती खाली बसली. साहेबांच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, काका, उठा. तसे एकदम उठू नका, आधी कुशीवर वळा, मग हातावर जोर द्या. साहेब गोंधळून वळले, उठून बसले. अंगणात कुजबुज सुरू झाली. पप्पांनी काय चाललंय म्हणून आवाज चढवला, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, पाहुण्याला न्हाई म्हणतीस व्हय? पायाचा गुण घालवतीस?

हर्षदा उभी राहिली. ती माणसांकडं बघत नव्हती, साहेबांकडं नाही, हृतिककडं तर नाहीच. ती फक्त आई-पप्पांकडं बघत होती.

"पप्पा, गुण नव्हताच. अमावास्येला मी आबांच्या पाठीवर उभी राहिले. तवापासनं त्येंचा डावा पाय त्येंना कळत न्हाई. माझ्यामुळं झालं का आपोआप, ते डॉक्टरला पण सांगता येत न्हाई. आबा बरं वाटतंय म्हणत राह्यले, आन् आपण कुणी परत विचारलं न्हाई. काकांचा पाय पण तसाच झालाय, त्येंनी आजच डॉक्टरकडं जायाला पायजे."

पप्पा आबांकडं वळले. आबांनी सगळ्यांसमोर डाव्या पायातली चप्पल काढली, चवडा वर उचलायचा प्रयत्न केला. तो उठला नाही. आईनं पदर तोंडाला लावला.

"मी आजपासून कुणाच्या पाठीला पाय लावणार न्हाई," हर्षदा म्हणाली. "दादाचं काम ऱ्हायलं तर त्यानं मला आयुष्यभर बोलावं, मी ऐकून घेईन. ढग आलं म्हणून मी आत पण बसणार न्हाई. आन् उद्या सकाळच्या गाडीनं मी आबांना पुण्याला घेऊन जाणार हाय, मणक्याच्या डॉक्टरकडं. आई, पप्पा, तुम्ही येताय का आम्ही दोघंच जाऊ, तेवढं सांगा."